वीज संस्थेची शिल्लक, गावच्या पोरांची फी

श्रीरामपूर : अमेरिकेत १९३५ नंतर खेडोपाडी वीज पोचवली ती मुख्यतः सहकारी संस्थांनी. तिथं ग्राहक हाच सभासद. वर्षाअखेरची शिल्लक ज्याच्या-त्याच्या वीजवापराप्रमाणे खात्यावर जमा होते, काही वर्षांनी परत मिळते. पण कुणी गाव सोडतं, कुणी वारतं. पैसे पडून राहतात. टेक्सासच्या कायद्यानं असा बेवारस पैसा सरकारजमा न करता ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला वापरायची मुभा संस्थांना दिली आहे. म्हणजे ही कुणाची देणगी नव्हे. सभासदांचाच पैसा गावच्या पोरांकडे वळतो.

आपल्याकडेही अशी संस्था होती, मुळा-प्रवरा. थकबाकीचा डोंगर वाढला आणि २०११ मध्ये वीजवाटप महावितरणकडे गेलं. शिष्यवृत्ती शिलकीतून निघते, थकबाकीतून नाही, हा त्यातला धडा.

वीज संस्था गेली, तरी पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने आहेतच. वार्षिक सभेत गुणवंतांना शाल-श्रीफळ मिळतं, टाळ्या होतात. फीचा प्रश्न मात्र घरीच राहतो. सभासदांनी न उचललेला लाभांश किती आणि तो जातो कुठं, एवढं तरी ३० सप्टेंबरच्या आतल्या सभेत विचारायला हरकत नाही.