ॲडमिनचा नाइलाज संपला

गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्यानं महिला सदस्याबद्दल गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिननं त्याला ना ग्रुपमधून काढलं, ना माफी मागायला लावली; उलट आपला नाइलाज असल्याचं सांगितलं, असा आरोप होता. २०१६ साली गुन्हा दाखल झाला आणि ॲडमिनही आरोपी झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. मजकूर पडण्याआधी तो तपासू शकत नाही. दोघांचा सामाईक इरादा दिसत नसेल, तर एकाच्या शब्दांसाठी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली.

निकाल रास्तच आहे. दुसऱ्याच्या जिभेपायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार असतील, तर ग्रुप चालवायला पुढे येणार कोण? पण आमच्याकडच्या अनेक ॲडमिननी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला आहे. ‘कोर्टानंच सांगितलंय, आपली जबाबदारी नाही.’ गुन्हा नसला म्हणजे जबाबदारीही नाही, असं कोणत्याही कोर्टानं म्हटलेलं नाही.

शिवाय त्या निकालानंतर व्हॉट्सॲपही बदललं. २०२२ साली दोन गोष्टी आल्या. एक, ग्रुपमधल्या कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायचा अधिकार ॲडमिनला मिळाला. दुसरी, एखादी व्यक्ती ग्रुप सोडून गेली की तशी सूचना सगळ्यांना न जाता फक्त ॲडमिनला जाऊ लागली. म्हणजे ‘माझ्या हातात काय आहे?’ हा प्रश्न निकालात निघाला आणि ‘मला कळलंच नाही’ ही सबबही. शिवीगाळ झाल्यावर दोन बायका मुकाट्यानं बाहेर पडतात, तेव्हा ते पहिल्यांदा ॲडमिनलाच कळतं.

प्रत्यक्षात होतं काय? सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून वाद पेटतो. एक काका शेजारणीच्या चारित्र्यावर घसरतात. ॲडमिन तिला खासगीत लिहितात, ‘दुर्लक्ष करा ताई, त्यांचा स्वभावच तसा आहे.’ मग ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसह ‘शुभ रात्री’ पाठवून विषयावर पडदा टाकतात. अपमान चारचौघांत आणि समजूत मात्र कानात! फारच तापलं, तर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असं कुलूप घालतात. शिवी एकाची, तोंड बंद सगळ्यांचं.

उलट बाजूही खरी आहे. मेसेज काढायचं तेच बटण हिशेब विचारणाऱ्या सभासदावरही चालतं. सेक्रेटरीच ॲडमिन असला, तर ‘सिंकिंग फंडाचं काय झालं?’ हा प्रश्नही त्याला असभ्य वाटू शकतो. म्हणून नियम आधी ठरलेले हवेत, ग्रुपच्या माहितीच्या रकान्यात लिहिलेले हवेत. कामावर कितीही कडक बोला. कुणाची जात, बाईपण, शरीर, घर काढलंत तर मेसेज जाईल. एकाऐवजी दोन-तीन ॲडमिन असावेत, त्यांत एखादी बाई असावीच आणि सगळे कमिटीतले नसावेत.

आणखी एक. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ज्या बाईला उद्या पोलिसांत जायचं असेल, तिचा पुरावा आपल्या तत्परतेनं पुसला जाऊ नये. मग मेसेज काढा आणि का काढला ते ग्रुपवरच, सगळ्यांदेखत दोन ओळींत लिहा. लिहिणाऱ्याला माफी मागायला सांगा. ऐकत नसेल तर बाहेर काढा, मग तो कितीही जुना सभासद असो.

यात वाईटपणा येतो, हे खरं. लिफ्टमध्ये काका बोलणार नाहीत, गणपतीच्या वर्गणीला आढेवेढे घेतील. तेवढा वाईटपणा घ्यायची तयारी नसेल, तर ॲडमिनपद दुसऱ्याकडे द्यावं.