घरातलं कासव आणि आपला कायदा



चौथीच्या वर्गात प्राण्यांचे निवारे शिकवत होते. "कासव कुठे राहतं?" विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात "पाण्यात!" म्हणाला. एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "बाई, आमचं कासव माजघरात राहतं. पाण्यात जातच नाही ते." पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत म्हणाली, काकडी खातं म्हणाली. म्हणजे तारा कासव. तिच्या आजोबांनी कधीतरी आणलेलं, वडिलांच्या लहानपणापासून घरात असलेलं.

मी वडिलांना बोलावून नियम सांगितला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तारा कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं कैद आणि २५ हजार रुपये दंड. माणूस पांढराफटक पडला. त्याच रात्री शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी कासव कालव्यात सोडलं. तारा कासव जमिनीवरचं, त्याला पोहता येत नाही. घाबरलेल्या माणसाला हे कुठून सुचणार? मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

कायदा मोडा असं मी म्हणत नाही. तारा कासवांची तस्करी खरी आहे. पाठीवरची नक्षी सुंदर, म्हणून जंगलातून पिल्लं उचलली जातात आणि परदेशात विकली जातात. २०१९ मध्ये 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं ते उगाच नाही. वर आपल्याकडे 'घरात कासव म्हणजे लक्ष्मी' आणि 'वीस नखी कासव' असली खुळं आहेतच. (ससा-कासवाची गोष्ट शिकवताना हेही सांगत चला. मुलं घरी जाऊन बोलतात.)

पण जे कासव आधीच घरात आहे, वीस-तीस वर्षं आहे, त्याचं काय? कायद्यात राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मालकीचं प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने प्राणी स्वेच्छेने सरकारजमा करायचीही सोय केली, पण ती प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी. माझ्या विद्यार्थिनीच्या आजोबांना असं काही प्रमाणपत्र असतं हेच माहीत नव्हतं. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे त्याला दार, आणि ज्याच्याकडे नाही त्याला भीती.

आता दुसरी बाजू बघा. जून २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिने दिले. या मुदतीत स्वतःहून माहिती द्या, कागदपत्रं मागणार नाही, असं सांगितलं. परदेशी सरडे, पोपट पाळणाऱ्यांना सवलत मिळाली आणि माजघरातल्या देशी कासवाला नाही. शिवाय मत्स्यालयांच्या दुकानांत लाल कानांची इवलीशी हिरवी कासवं विकायला असतातच. ती मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. मोठी झाली की लोक तळ्यात सोडून देतात, मग ती तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर हक्क सांगतात. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. परक्याला मोकळं रान आणि घरच्याला तुरुंग, हे कुठल्या न्यायात बसतं?

अमेरिकेतल्या वाळवंटी कासवाचं उदाहरण मला पटतं. मोहावे वाळवंटातल्या या कासवाला १९९० पासून केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. जंगलातून ते उचलणं गुन्हाच. पण आधीपासून लोकांच्या अंगणात असलेली कासवं परत रानात सोडता येत नाहीत, कारण त्यांच्याबरोबर श्वसनाचे रोग रानात जातात. म्हणून कॅलिफोर्निया राज्य अशा कासवांसाठी परवाना देतं आणि त्याची क्रमांकाची चिठ्ठी कवचावर लावायची असते. ॲरिझोनात आणि नेवाडात अशी कासवं रीतसर दत्तक दिली जातात. प्राणी सरकारच्या नजरेत राहतो आणि माणूसही लपत नाही.

आपल्याकडेही एकदा, ठरावीक मुदतीची, 'कागद नाही तरी चालेल' अशी नोंदणी व्हावी. २००३ मध्ये काही अनुसूचींतल्या प्राण्यांसाठी १८० दिवसांची मुदत दिलेली होती, म्हणजे हे अशक्य नाही. ज्यांना कासव द्यायचं आहे त्यांनी ते वनखात्याकडे द्यावं, गुन्हा नोंदवू नये. ज्यांनी वर्षानुवर्षं नीट सांभाळलंय त्यांना तपासणी करून, चिप बसवून, त्याच एका प्राण्यापुरता परवाना द्यावा. विक्री नाही, पिल्लं नाहीत, परवाना दुसऱ्याच्या नावावर नाही. कुणी म्हणेल, तस्कर याचा फायदा घेतील. घेतीलच, मुदत वारंवार वाढवली तर. म्हणून ती एकदाच आणि ठाम हवी. मुदत संपल्यावर सापडेल त्याला हीच शिक्षा.

तोपर्यंत तुमच्या वर्गात एखादं मूल असं काही सांगून गेलं तर माझी चूक करू नका. पालकांना आधी कलमं ऐकवू नका. आधी एवढंच सांगा, "कुठेही सोडू नका." मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर तुम्हीच फोन करा आणि पालकांच्या बाजूने बोला. मी तो फोन दोन दिवस उशिरा केला.