पाऊस उदंड, पाणी दुर्मीळ

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची जी कोकणपट्टी आहे, तिच्या दक्षिण भागात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिल उजाडताच त्याच भागातील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती आता कोणाला बोचेनाशी झाली आहे, हे अधिक चिंताजनक होय.

निसर्गाचा दोष आहेच. जांभा दगड सच्छिद्र. पडलेले पाणी तो फार काळ धरून ठेवीत नाही. नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या; पुराचे पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. परंतु सारे खापर जांभ्यावर फोडता येणार नाही. कोयनेचे पाणी घाटाखाली पोफळीकडे उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी ठरविलेले प्रमाण वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. उद्योग व पाणीपुरवठा यांसाठी उचलला जाणारा अल्प भाग वगळला, तर हे बारमाही पाणी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात जाते. ते डोंगरावरील वाड्यांपर्यंत चढविणे खर्चाचे आहे, हा आक्षेप खरा आहे. पण आंब्याच्या वा काजूच्या कलमाला पाणी लागते ते मुख्यतः पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. तेवढ्या मर्यादित गरजेचा हिशेब वेगळा मांडावयास हवा.

१९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि वरकस जमिनीवर, जेथे पूर्वी नाचणी-वरीपलीकडे फारसे काही पिकत नसे, तेथे आंबा-काजूची कलमे उभी राहिली. हे यश निर्विवाद आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांचा त्यात मोठा वाटा आहे. उत्पन्नाचा ओघ मात्र बागेतून बाहेरच वाहतो. मोहोर येण्याआधीच बागायतदार आडत्याकडून उचल घेतो, मग पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते आणि भाव मागाहून कळतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने उचलीचा हा फास सैल झाला नाही. काजूच्या बोंडांपासून शेजारच्या गोव्यात फेणी होते. सिंधुदुर्गात बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात.

माणसे गेली ती याच अर्थव्यवस्थेमुळे. गिरणीच्या काळात मुंबईहून येणारी मनिऑर्डर हेच घरोघरचे मुख्य पीक होते. १९८२ च्या संपानंतर ते पीकही गेले. १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या कोकण रेल्वेने चाकरमान्यांचा गणपतीचा प्रवास सोपा केला, पण गावात रोजगार उतरविला नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. २०११ च्या गणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रीसन्मानाचा म्हणून मिरविण्याजोगा नाही. तो बाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे.

मागे राहिलेल्यांसमोर सर्वांत कठीण अडसर कागदाचा आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, जमीन कुळांच्या नावावर येऊ लागली. पुढे वारसांची नोंद होत गेली, वाटणी मात्र क्वचितच झाली. आज लहानशा तुकड्याच्याही सातबाऱ्यावर दहा-वीस नावे सापडतात. काही मुंबईत, काही परदेशात, काही मृतांची. गावात राहणाऱ्या एका भावाला विहीर खणावयाची वा कर्ज काढावयाचे, तर इतरांच्या सह्या हव्यात, आणि त्या मिळेपर्यंत उन्हाळा संपून जातो. मोबदला देणारा बाहेरचा खरेदीदार आला की मात्र याच सह्या आश्चर्यकारक तत्परतेने गोळा होतात. सहहिस्सेदारांची वाटणी सरकारी खर्चाने मोजणी करून ठराविक मुदतीत उरकण्याची मोहीम या दोन जिल्ह्यांत घेतली, तर तिला धरणाइतका पैसा लागणार नाही. भूमापकांची भरती तेवढी करावी लागेल.