डोक्यातली वजाबाकी

कोणाच्याही स्कूटरवर मागे बसा आणि काट्याकडे बघून "अरे, जरा हळू" म्हणा. चालवणारा मान न वळवता सांगेल, "तो दहा जास्त दाखवतो रे." दहाच का, कोणी मोजले, कुठल्या वेगाला मोजले, हे विचारायचं नसतं. आमच्या धंद्यात याला हार्डकोडेड पॅच म्हणतात. कोडमधला बग तसाच ठेवायचा, उत्तर आलं की त्यातून दहा वजा करायचे आणि हे कुठेही लिहून ठेवायचं नाही. ऑफिसात कोणी असं केलं तर आपण त्याला फाडून खाऊ. रस्त्यावर मात्र सगळे हेच करतात.

माझं मत असं की दुरुस्ती मीटरमध्ये करावी, डोक्यात नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काट्यासाठी एवढा आटापिटा? जरा थांबा.

केबलवाला मीटर ही मोठी सुंदर चीज आहे. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झं यांनी 1902 साली पेटंट घेतलेली कल्पना सव्वाशे वर्षं होत आली तरी चालू आहे. पुढच्या चाकातली गरारी केबल फिरवते, केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळात असते तशी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. बस्स. स्प्रिंग ढिली पडली तर काटा जास्त दाखवणार, चुंबक दमलं तर कमी दाखवणार. केबलमधलं ग्रीस वाळलं तर काटा थरथरणार.

किलोमीटरचे आकडे मात्र वेगळे चालतात. ते त्याच केबलवर, पण निव्वळ दात्यांनी फिरतात. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही. त्यामुळे चूक चाकाकडची आहे की काट्याकडची, हे मीटर न उघडता शोधता येतं. डिबगिंगची एवढी चांगली सोय आमच्या ऑफिसातल्या सिस्टिममध्येसुद्धा नाही!

आमच्या घरची स्कूटर तिघं चालवतात. बाबा, बायको आणि मी. एका रविवारी बायकोला मागे बसवलं, फोनवर जीपीएसचा वेग लावून तिच्या हातात दिला (चालवणाऱ्याने फोन बघू नये, हे सांगायला नकोच) आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर निघालो. जीपीएस जरा मागून येतो, म्हणून प्रत्येक वेग थोडा वेळ स्थिर धरायचा. काटा 30 वर, खरा वेग 26. काटा 40 वर, खरा 35. काटा 50 वर, खरा 44. म्हणजे फरक "दहा" नाहीच. सरळ प्रमाणात, साधारण 14 टक्के.

मग सातारा रस्त्यावर कडेचे किलोमीटरचे दगड मोजत 25 किलोमीटर गेलो आणि परत आलो. दगडांचे 50, मीटरवर 52. म्हणजे चार टक्के चूक चाकाची आणि उरलेली दहा काट्याची.

चाकाची चूक वाकून बघितल्यावर सापडली. मूळ टायर 90/100-10. बदलताना टायरवाल्याने 90/90-10 चढवला होता. दहा इंची रिम म्हणजे 254 मिलिमीटर. मूळ टायरचा व्यास 434 भरतो, नव्याचा 416. लहान चाक तेवढ्याच अंतराला जास्त फिरतं, जवळपास चार टक्के. हिशेब चोख जुळला. ("माझी गाडी बावन्नचं ॲव्हरेज देते" म्हणणाऱ्यांनीही एकदा टायरचा नंबर वाचावा. त्यातले दोन टायरचे असू शकतात.)

खरी गंमत पुढेच आहे. युरोपात चालणारा संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर इतकं चालेल. म्हणजे खरा वेग 35 असेल तर 42.5 पर्यंत माफ. आमचा 40 दाखवणारा काटा त्या कसोटीलाही पास! नियमामागचं कारण पटण्यासारखं आहे. टायर झिजतो, हवा कमीजास्त होते, प्रत्येक स्प्रिंग सारखी नसते. अशा वेळी चूक एकाच बाजूला ढकलायची, तर ती सुरक्षित बाजूला. म्हणूनच बहुतेक कंपन्यांचे काटे मुद्दाम थोडे पुढे लावलेले असतात.

इथे लोक म्हणतात, "मग जास्त दाखवतो ते बरंच की. पोरं हळू चालवतील." नाही चालवत हो! आठवड्याभरात माणूस वजाबाकी शिकतो आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली जागा खाऊन टाकतो. वर ती वजाबाकी चुकीची असते. आमच्या स्कूटरवर बाबा 50 वर काटा ठेवून 40 ने जातोय असं समजायचे, वेग असायचा 44. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे समजुतीपेक्षा 21 टक्के जास्त. हीच सवय घेऊन माणूस बरोबर मीटर असलेल्या दुसऱ्याच्या गाडीवर बसला तर काटा 50, मनात 40, वेग खरोखर 50. ऊर्जा 56 टक्के जास्त. आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजींना यातला कुठलाच पॅच माहीत नसतो.

बायको काट्यावर विश्वास ठेवून चालवते. एकच गाडी, एकच काटा आणि घरात दोन वेगवेगळे चाळीस. किल्ली देताना आपण "पेट्रोल भर" सांगतो, "दहा वजा कर" कोणी सांगत नाही.

केबल तुटलेलीच ठेवणारे आणखी वेगळे. केबल गेली की किलोमीटरही थांबतात. मग ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही आणि गाडी विकताना "फक्त 14 हजार चाललीय" म्हणायला मोकळे. याला मी आळस म्हणणार नाही, ही फसवणूक आहे. आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, मीटर बघतंय कोण? ब्रेक बघा." ब्रेक बघतोच की. पण ब्रेक कधी दाबायचा हे ठरवतो कोण?

डिजिटल मीटर घेतला की प्रश्न मिटला, असं समजू नका. तिथेही सेन्सर चाकाचे फेरे मोजतो आणि फर्मवेअर त्यांना ठरलेल्या परिघाने गुणतो. टायर बदला, आकडा चुकला. तो चुकीचा आकडा फक्त जास्त आत्मविश्वासाने दिसतो.

असो. दुरुस्तीला एक शनिवार गेला. आधी योग्य साइजचा टायर, मग मीटर. हा क्रम महत्त्वाचा, नाहीतर चुकीच्या टायरला जुळवून काटा लावाल. काटा उपटून मागे बसवणं हा गॅरेजमधला लाडका उपाय, पण त्याने सगळीकडे सारखेच आकडे कमी होतात. आमची चूक प्रमाणातली होती, म्हणून स्प्रिंगचा ताणच बदलायला हवा होता. तो नाना पेठेतल्या एका मीटरवाल्याने बदलून दिला. त्याला म्हटलं, अगदी शून्यावर आणू नका, एक-दोन जास्तच राहू द्या. टायर झिजेल तसा काटा आणखी थोडा पुढेच सरकेल.

आता 40 ला 38 आहे. डिकीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली आहे: तारीख, टायरचा नंबर आणि हा आकडा. बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, "बरं" म्हणाले आणि मंडईत जाऊन आले. आल्यावर विचारलं तर म्हणे, "पन्नासवर होता काटा. म्हणजे चाळीसच की." पुढच्या रविवारी मागे मी बसणार आहे, फोन घेऊन.