गोचीड कुणाची?

कुत्र्याला 'गोचीड ताप' झाला की घरोघरी तीन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "हल्ली हे नवनवीन आजार निघालेत." "रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे झालं." आणि शेवटी, "काय करणार, त्याचं नशीब!" तिन्हींचा अर्थ एकच : आमचा काही दोष नाही. मला हे मान्य नाही.

आधी 'नवीन' आजाराचं बघू. गोचिडीमुळे रोग पसरतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांच्या तापाबाबत 1893 मध्येच दाखवून दिलं. डासाच्या पोटात रॉसला हिवतापाचे जंतू सापडले ते त्यानंतर, 1897 मध्ये. आणि कुत्र्याच्या तांबड्या पेशीत शिरणारा 'बाबेसिया गिब्सोनी' हा परजीवी 1910 मध्ये पॅटननं नोंदवला, तो आपल्याच मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. पुढे तो कोल्ह्यातही सापडला. शंभराहून अधिक वर्षं झाली. आता याला नवीन म्हणायचं?

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांचं. पहिली गोचीड बाहेरून येते, हे खरं. पण नंतर ती राहते कुठे? आपल्या घरात! आपल्याकडे कुत्र्यांवर दिसते ती तपकिरी गोचीड तीन वेळा कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि उतरते. मोठी झालेली मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते. एकेक मादी हजारोंनी! आयुष्याचा बहुतेक काळ ती कुत्र्यावर नसतेच. आणि आपण काय करतो? दिसतील त्या गोचिडी उपटतो, वर रॉकेल चोळतो आणि हात धुऊन मोकळे होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! रॉकेलनं कुत्र्याची कातडी भाजते. भेगेतल्या अंड्यांना त्याचा वासही लागत नाही.

तिसरी गोष्ट उपचारांची, आणि ही मला सर्वांत जास्त खुपते. आयुष्यभर भाषा शिकवल्यामुळे असेल, पण 'गोचीड ताप' हा शब्दच फसवा वाटतो. नाव एक आणि आजार अनेक. बाबेसिया तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे दिसू लागतात. मग घरचे वैद्य "कावीळ आहे" म्हणून झाडपाला वाटतात. एर्लिकिया हा खरं तर जीवाणू. तो पांढऱ्या पेशीत राहतो, प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन चालतं, पण नुसत्या त्याच्यावर बाबेसिया हटत नाही. आणि एकाच कुत्र्यात दोन्ही असू शकतात! असं असताना "आमच्या टॉमीला या गोळ्यांनी बरं वाटलं, तुम्हीही द्या" हा सल्ला फोनवरून फिरत असतो. ताप आहे म्हणून माणसाची आयबुप्रोफेन देणारेही आहेत. त्यानं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न साधा आहे : "रक्त तपासलंत का?" काचपट्टीवर एक थेंब पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्यात परजीवी दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नव्हे, मग पुढची तपासणी. पण अंदाजानं औषध नको.

आणि नशीब? रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवायला पाच मिनिटं पुरतात. बाबेसिया कुत्र्यात उतरायला गोचिडीला बहुधा दीड-दोन दिवस चिकटून राहावं लागतं. एर्लिकिया मात्र काही तासांतही पोहोचतो, म्हणून नुसता हात फिरवूनही भागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी बारा महिने, न चुकता द्यायची. आपल्या हवेत गोचिडीला सुट्टी नसते. घरातल्या भेगा बुजवायच्या, अंथरूण उन्हात टाकायचं.

"परवडत नाही" म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या वस्तीवरच्या कुत्र्याबद्दल मी बोलत नाही. जवळ गुरांचा दवाखाना नाही, तिथे कुणाला काय बोलणार? मी बोलतोय ते कुत्र्याच्या वाढदिवसाला केक आणणाऱ्यांबद्दल, आपल्याबद्दल. केकचे फोटो काढायला वेळ आहे, पण कान उलटून बघायला नाही.

मंडळी, मुकं जनावर "मला अशक्त वाटतंय" असं सांगत नाही. जेवण सोडतं, कोपऱ्यात जाऊन बसतं. तेव्हा तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि नशिबाला बोल लावण्याआधी एकदा बॅटरी घेऊन पलंगाखालच्या भिंतीच्या कडेनं फिरा. तिथे जी गोचीड सापडेल ती रस्त्यावरच्या कुत्र्याची नाही. ती तुमची आहे.