चार चाकांवरचे बिऱ्हाड

बँकेत असताना मी कित्येकांची मोटारकर्जे मंजूर केली. स्वतः मोटार घेतली ती निवृत्तीनंतर. या छोट्या एसयूव्ही करसवलतीपायी चार मीटरच्या आत बसवतात. मागची आसने पाडली तरी पाय पुरते लांबवता येत नाहीत. म्हणून पुढची आसने सरकवली, सुताराकडून फळी करून घेतली आणि वर घरचीच गादी घातली.

भंडारदऱ्याला पहिल्याच रात्री बंद काचांत उकडू लागले. ‘एसीसाठी इंजिन चालू ठेवू,’ मी म्हणालो. सौभाग्यवतींनी किल्लीच काढून घेतली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्याला जागही येत नाही.

फळी-गादी ही हौस झाली. इंजिन बंद, मच्छरदाणीचे कापड लावून काचा दोन बोटे उघड्या, हा मात्र नियम. किल्ली अजूनही तिच्याच उशाखाली असते.