जोडधंदा जोडायचा कशाला?

बाजरी खळ्यात आली की वाड्या-वस्त्यांवरच्या तरण्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "वरचे चार पैसे कुठं मिळतील?" प्रश्न खरा आहे. पारनेरचं रान अवर्षणाचं. एक पाऊस हुकला की बाजरी गेली, मटकी-हुलग्याचंही खरं नाही. पोरं दहावी-बारावी शिकली तरी नोकरी दारात येत नाही. लग्न, आजारपण, भावाची फी, सगळ्याला पैसा लागतो. पोरांनी चार पैसे जादा कमवावेत यात वावगं काही नाही.

पंचायत समितीत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "जोडधंदा करा." आमचं म्हणणं एवढंच, की हा जोडधंदा जोडायचा कशाला? एका बैलाला दुसरा बैल जोडतात. मूळचा एक बैलच दावणीला नसेल तर जोड कुणाला लावायची? जमीनवाल्याला जोडधंदा हा आधार होतो. भूमिहीनाला तो नुसतं कर्ज होतो.

शेळ्यांचंच घ्या. 1999 पर्यंत चाललेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आदिवासीला निम्मी रक्कम अनुदान मिळायची, बाकीचं बँकेचं कर्ज. कागदावर चांगलं होतं. पण शेळी चरणार कुठं? फॉरेस्टात गेली तर दंड, गावात गेली तर कोंडवाडा. आपल्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. तिथं झाडं उभी राहिली, विहिरींना पाणी आलं, ते चांगलं झालं. पण ज्याला शेत आहे त्याची शेळी बांधाच्या गवतावर गोठ्यात जगते. ज्याला बांधच नाही त्यानं शेळी कशावर जगवायची? म्हणून गावोगाव चराईबंदीची भाषा होत असेल, तर भूमिहीनाच्या चाऱ्याचं काय ते त्याच सभेत विचारा. आणि चाऱ्याची सोय पाहिल्याशिवाय शेळ्यांच्या कर्जावर अंगठा देऊ नका. शेळी मेली तरी हप्ता मरत नाही.

ट्रायसेमचंही तसंच. 18 ते 35 वयाच्या पोरापोरींना धंद्याचं शिक्षण आणि महिन्याला विद्यावेतन, अशी ही योजना 1979 ते 1999 या काळात होती. जरूर शिका. पण वीस घरांच्या वस्तीवर वर्षाला कपडे किती शिवले जातात, ते आधी मोजा. बाजाराच्या गावात बसायला जागा मिळते का ते बघा. धंदा मशीनवर चालत नाही, गिऱ्हाइकावर चालतो.

अशा योजनांना जातीचा दाखला लागतो. जुन्या यादीत आपल्या जिल्ह्यातला ठाकर अकोले, संगमनेर, राहुरी या तीनच तालुक्यांत आदिवासी होता. शीव ओलांडून पारनेरात आला की नाही! 1976 च्या कायद्यानं हे तालुक्याचं बंधन उठलं. तरी आजही कुणी "तुमचा तालुका यादीत नाही" म्हणालं, तर त्याला हा कायदा सांगा आणि नकार लेखी मागा.

सगळ्यात सोपा पैसा म्हणजे उचल, आणि सगळ्यात महागही तोच. दसऱ्याच्या आधी मुकादम येतो, नोटा मोजून हातावर ठेवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपतो पण उचल फिटत नाही, मग पुढचं वर्षही त्याचंच. वीटभट्टीवरही तीच गत. पोरांनो, उचल हे वरचे पैसे नव्हेत, ते आपल्याच पुढच्या मजुरीतून कापून आधी दिलेले पैसे आहेत. जायचंच असेल तर टोळीनं जा. किती उचल घेतली, किती टन तोडलं, हे आपल्या वहीत रोज लिहा. टोळीत एक तरी शिकलेला असतोच, वही त्याच्याकडं द्या. आणि पैसे फिटेपर्यंत कुणी अडकवून ठेवलं तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं तसलं कर्ज रद्द होतं आणि अडकवणाराच गुन्हेगार ठरतो.

मग काय करायचं? आमच्या मते पहिली वाट रोजगार हमीची. तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू आहे. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतात तो याच कामासाठी. 18 वर्षांवरच्या कुणीही काम मागावं, पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता. बाई-बाप्याला दर एकच. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. नवं काम काढायला पुरेसे मजूर लागतात, म्हणून एकट्यानं तहसीलचे खेटे घालू नका. दोन-तीन वाड्यांनी मिळून लेखी मागणी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. काम मागताना नुसती खडी फोडायची मागू नका. ताली, बांधबंदिस्ती, नालाबंडिंग मागा. मजुरीही मिळेल आणि रानात पाणी मुरेल.

दुसरी वाट जमिनीची, आणि तीच मुळाची. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासीच्या हाती गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आहे. 31 मार्च 1978 पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं कायम करण्याचा शासन निर्णय 27 डिसेंबर 1978 ला झाला. तो किती वस्त्यांवर कागदातच राहिला! आजा-बापांकडं फॉरेस्टच्या दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर उंदराच्या तोंडी देऊ नका. दंड भरला म्हणजे आपण ते रान कसत होतो, याचा तो पुरावा आहे.

शिकलेल्या पोरांनो, हे काम तुमचं आहे. तलाठ्याकडून उतारा काढणं, अर्ज लिहिणं, पावत्या गोळा करणं, याचे पैसे कुणी देणार नाही. पण दोन एकर नावावर झालं, की शेळीला बांध मिळेल, बँकेत पत मिळेल, मुकादमाला "नाही" म्हणायची ताकद येईल. तेव्हा जोडधंदा खरंच जोडला जाईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं तीन याद्या आणाव्यात. रोजगार हमीवर काम मागणाऱ्यांची, उचल घेतलेल्यांची आणि अतिक्रमण कसणाऱ्यांची. नावासमोर वय आणि शिक्षण लिहा. याद्या आल्या की मोर्चाची तारीख ठरवू.

जिंदाबाद!